पाचशे अंशांवर

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज भट्टीतले जुने रॉड काढले. आठच्या आठ. सिलिकॉन कार्बाइडचे हे करडे रॉड मी चार वर्षांपूर्वी उंबरगावच्या एका बंद कारखान्यातून भट्टीसकट उचलून आणले होते. उन्हात धरले की अजून चमचम करतात. कोयत्याला धार लावायच्या दगडात जी चमक असते तीच ही. माल एकच, फक्त दगडाच्या वाट्याला कोयता आला आणि ह्यांच्या वाट्याला आग. अलीकडे वीज खेचेनासे झाले होते. कितीही चढवा, चौदाशेच्या पुढे काटा हलेना, आणि आम्हाला हवेत पंधराशे.

ह्या रॉडांची एक खोड आहे. एक गेला म्हणून एकच नवा बसवावा, तर जमत नाही. जुना आणि नवा एका तारेवर सुखाने नांदत नाहीत, कोणीतरी कोणाला तरी जाळतो. बदलायचा तर अख्खा संच. मला हे नेहमीच पटत आलं आहे. एका वयानंतर माणसाचंही तसंच होत असावं. मी एक्कावन्नचा आहे, बिनलग्नाचा, दादा-वहिनीकडे राहतो.

कोणी धंदा विचारला तर मी सांगतो, दात भाजतो. लोक हसतात. पण खरंच तेवढंच आहे. सुषमाबाई कॉम्प्युटरवर दात आखतात, छोटं मशीन तो पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून काढतं. तेव्हा तो खडूसारखा ठिसूळ आणि हवा त्याहून पाचव्या हिश्श्याने मोठा असतो. भट्टीत आठ तास काढले की आक्रसून मापाचा आणि खणखणीत होतो. त्याआधीची वीस वर्षं मी बोर्डी-घोलवडच्या वाड्यांतल्या पंपांच्या मोटरी गुंडाळल्या. तळासरीच्या ह्या शेडमध्ये सुषमाबाई येऊन चार वर्षं झाली. त्या डहाणूच्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली त्यांचे. पूर्वी वापीच्या मोठ्या लॅबमध्ये रोज जाऊन-येऊन काम करायच्या.

काढलेले रॉड मी फेकले नाहीत. भिंतीला ओळीने उभे करून ठेवले.

२३ सप्टेंबर, सोमवार

नवे रॉड आले. नाव मॉलिब्डेनम डायसिलिसाइड. ते पूर्ण म्हणेपर्यंत चहा निवतो, म्हणून आम्ही मॉली म्हणतो. बायका केसांत आकडा खोचतात तसे दिसतात, दोन पाय वर, वळण खाली. छतातून टांगायचे. थंड असताना इतके नाजूक की काचेची बांगडी परवडली. तापले की मात्र मऊ पडतात, जरा वाकतातसुद्धा.

सहा लावायचे होते, एक जादा मागवला आहे. चार मी टांगले. सुषमाबाईंनी शिडी धरली होती. पाचव्याला माझा हात कापायला लागला. मोटरीची केसाएवढी तार गुंडाळताना कधी कापला नाही. शेवटी त्या वर चढल्या आणि मी शिडी धरली.

जेवताना त्यांनी रॉडांबरोबर आलेली पुस्तिका वाचून दाखवली. "नविनभाई, हे रॉड म्हातारे होत नाहीत म्हणे. एखादा बदलला तर नवा सरळ जुन्याच्या शेजारी बसवायचा." मग म्हणाल्या, "ह्यांचं बरं आहे, नाही? कितीही उशिरा शेजारी आलं तरी चालतं."

मी म्हटलं, हो, सामान साठवून ठेवायला नको, एखादा जादा असला की झालं.

त्यांनी पुस्तिका मिटली आणि डबा धुवायला गेल्या.

दुपारी पहिल्यांदा तापवली. वेल्डिंगची काळी काच डोळ्याला लावून मी भट्टीच्या दारातल्या भोकातून बघत बसलो. आधी काहीच नाही. मग आत कोणीतरी आठवण काढावी तशी लाली आली, मग शेंदरी, मग पिवळं, आणि बाराशेच्या पुढे भिंती दिसेनाशा झाल्या. नुसता उजेड, त्यात सहा आकडे तरंगताहेत. तिथे जाऊन राहता आलं असतं तर मी गेलो असतो. सुषमाबाईंनी दोनदा हाक मारली ती ऐकूच आली नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

वापीच्या लॅबने सुषमाबाईंना परत बोलावलं आहे. कायमची जागा, राहायला खोली, हाताखाली चार माणसं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत उत्तर कळवायचं आहे. त्यांनी पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काय करू?"

मी दोनदा वाचलं. मोठी लॅब आहे, तिथे त्यांच्या हाताचं चीज होईल. इथे महिन्याला चाळीस दात, पत्र्याची शेड आणि मी. मी म्हटलं, तुमच्या भल्याचं असेल तर मी कोण अडवणारा?

"बरं," त्या म्हणाल्या आणि पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं.

त्या गेल्या तर लॅब बंद करावी लागेल. मला दात आखता येत नाहीत. पण ते कारण सांगून त्यांना थांबवणं बरोबर नाही. दुसरं कारण मला सुचलं नाही. घरी येताना बोरीगावच्या रस्त्यावर सुचेल असं वाटत होतं, पण बोर्डी आली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

कासा गावच्या दातांच्या डॉक्टर शितल आज स्वतः आल्या. दवाखाना नवाच आहे त्यांचा. म्हणाल्या, पहिली केस देते, ही नीट झाली तर माझं सगळं काम तुमच्याकडे. बरोबर पेशंट होती. धाकलीमावशी, उधव्याकडच्या पाड्यावरची, पासष्टीची. वरचे पुढचे सहा दात नाहीत. विहिरीचा रहाट उलटा फिरून तोंडावर बसला होता.

धाकलीमावशी धवलेरी आहे, म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी बाई. भटजी नाही, हीच गाणी म्हणून लग्न लावते. आधी भिंतीवर चौक लिहितात, मग ही गाते, मग देव त्या चौकात येतो. दात गेल्यापासून शब्दांतून वारा जातो.

"मना चावाया नको दात," ती म्हणाली. "भात मी गिळते. मना गाना पायजे. सबूद सांडला का देव चौकात येत नाय. मग लगीन कसा लागल?"

दिवाळीनंतर तिच्याकडे तीन लग्नं आहेत. सुषमाबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, दिवाळीआधी देते. कोणाला शब्द देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जाताना धाकलीमावशीने शेडभर नजर फिरवली, भट्टी, दोन खुर्च्या, दोन डबे. मला विचारलं, "तुमचा लगीन कोनी लावला?"

मी लगेच गैरसमज दूर केला. सुषमाबाई कॉम्प्युटरकडे वळल्या, बहुतेक त्यांना राग आला असावा.

२ ऑक्टोबर, बुधवार

उद्या घट बसणार. सुषमाबाई दसऱ्यापर्यंत भावाकडे चिंचणीला चालल्या. धाकलीमावशीचे सहा दात कोरून, कापसात ठेवून डबीवर नाव लिहिलं आहे. आल्यावर भाजायचे ठरलं.

निघताना दिव्याचं सांगत होत्या. यजमान गेले त्या वर्षी नवरात्रात अखंड दिव्याशी त्या बसल्या होत्या, डोळा लागला, आणि उठून बघतात तर दिवा शांत. दिवाळीत ते गेले. "तसं काही नसतं हे कळतं मला," म्हणाल्या. "पण तेव्हापासून घरात अखंड दिवा लावायची हिंमत होत नाही. भाऊ लावतो, तिथे जाऊन बसते."

मी त्यांची पिशवी बसपर्यंत नेली. बस सुटल्यावर सुचलं.

भट्टी नऊ दिवस बंद ठेवायची नाही.

जुने रॉड होते तेव्हा पावसाळ्यात मी भट्टी मंद आचेवर ठेवायचोच, विटांत ओल धरत नाही. आताही तेच, फक्त मोजून नऊ दिवस. पाचशे अंश. हा त्यांचा दिवा. त्यांना सांगणार नाही. विझला नाही तर दसऱ्याला सांगेन. पुस्तिका पाहिली, तिच्यात एवढंच आहे की चारशे ते सातशेच्या पट्ट्यात रेंगाळू नये, झटकन पुढे जावं. ते चढताना. मी चढणार नाही, मी थांबणार आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी घरी वहिनीने घट मांडला, दिवा लावला. मग शेडवर येऊन मी भट्टी लावली. पाचशेवर काटा स्थिर झाला. हात जोडले. कोणी बघत नव्हतं ते बरं.

६ ऑक्टोबर, रविवार

रविवारीसुद्धा जातो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. काही काम नसतं. भोकातून बघतो. पाचशेला आत अंधारच असतो, फक्त आपल्याला माहीत असतं की उबारा आहे. डोळे सरावले की कोपऱ्यात कुठे लाली आहे असा भास होतो. मी खुर्ची ओढून तासभर बसतो. दुसरी खुर्ची रिकामी असते.

आज डुलकी लागली. स्वप्नात भट्टीच्या आत डहाणूचा समुद्र होता, ओहोटीचा, पार आत गेलेला. वाळूत पांढरे दात पडले होते शंखांसारखे आणि सुषमाबाई ते वेचून पदरात घेत होत्या. मला म्हणाल्या, अहो, तुम्हीही वेचा ना. मी वाकलो आणि जाग आली. काटा पाहिला. पाचशे.

आता लक्षात येतं, गेला महिनाभर त्या मला खरंच "अहो" म्हणतात. आधी नविनभाई म्हणायच्या, क्वचित अजूनही म्हणतात. कामाच्या गडबडीत नाव घ्यायचं राहत असेल.

९ ऑक्टोबर, बुधवार

वहिनी म्हणते, मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या शेडवर जातो. हिरकणीवहिनी दादापेक्षा लहान असली तरी जीभ तिची थोरली. "भावजी, त्या भोकातून जेवढं बघता ना, तेवढं एकदा माणसाच्या तोंडाकडे बघा."

मी विचारलं, कोणाच्या?

ती चिकू निवडत होती. कपाळावर हात मारला आणि चिकू घरंगळत अंगणात गेले.

तिला वापीच्या पत्राचं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, म्हणून विचारलं. मी म्हणालो ते सांगितलं. मग ती माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

आज जे झालं ते लिहितानाही अंगावर काटा येतो.

सकाळी झेंडूचा हार, आपट्याची पानं घेऊन गेलो. भट्टी बंद केली, निवू दिली आणि पूजेसाठी दार उघडलं. आत पिवळं होतं. तळावर, विटांच्या कडांवर, रॉडांच्या पायांशी फिकट पिवळी बारीक पूड, हळदीसारखी. कोणी चिमटीने शिंपडावी तशी पडलेली. मी आत काही ठेवलं नव्हतं. नऊ दिवस दार उघडलं नव्हतं.

मी मानणारा नाही फारसा. महालक्ष्मीला जातो तेही वहिनी नेते म्हणून. पण ही हळद कुठून आली? नऊ दिवस आच राखली, ती पोचली असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी रडलो. उगीच खोटं कशाला लिहा.

थोडी पूड कागदात बांधून गल्ल्यावरच्या देवीच्या फोटोपाशी ठेवली. बाकीची तशीच राहू दिली. हात लावावासा वाटला नाही.

उद्या धाकलीमावशीचे दात भाजून टाकतो. सुषमाबाई सोमवारी येतील तेव्हा डबीत तयार. पांढरेशुभ्र दात बघितले की त्यांना इथलं काम सोडवणार नाही, असं एक मनात येऊन गेलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी पाचला दार उघडलं.

दात पिवळे आहेत. पिवळेसुद्धा नाहीत, हिरवट पिवळे. वर्षानुवर्षं तंबाखू खाल्लेल्या माणसाचे असावेत तसे. सहाच्या सहा. पुसले, घासले, निघत नाही. रंग आत गेला आहे.

आणि एक रॉड पायाशी खाल्ल्यासारखा बारीक झाला आहे. बोट लावलं तर तिथूनही तीच हळद झडली.

मी खाली बसलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुषमाबाई आल्या, डबी उघडली, एकेक दात उजेडात धरून पाहिला. मग भट्टीचं दार उघडून वाकल्या. मग देवीच्या फोटोजवळची पुडी उघडून पाहिली.

"ही इथे कोणी ठेवली?"

मी सांगितलं.

"नविनभाई, ही हळद नाही. हे तुमचे रॉड आहेत."

मग एकेक करून त्यांनी सांगितलं, शाळेतल्या बाईंसारखं. ह्या रॉडांच्या अंगावर काचेची बारीक साय असते, तीच त्यांना जपते. खूप तापले की साय धरते, चीर पडली तर तीच साय ती बुजवते. थंड असले तर प्रश्नच नाही. पण मधल्या आचेवर, चारशे-पाचशेवर, साय धरत नाही आणि हवा मात्र आत शिरते. रॉड कुजतो. भुकटी होऊन गळतो. नव्या रॉडांवर तर साय पुरती आलेलीही नव्हती. पहिल्या दिवसापासून गळत होती ती पूड. मी तिच्यासमोर हात जोडत होतो.

"पुस्तिकेत लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "वाचलं नाहीत?"

वाचलं होतं, असं मी म्हणालो. त्यांनी ह्यावर माझ्याकडे असं बघितलं की त्याहून शिव्या बऱ्या. डॉक्टर शितलना फोन केला, आठवडा मागून घेतला. संध्याकाळी जाताना पर्समधून काहीतरी शोधत होत्या, तेव्हा वापीचं पत्र अर्धं बाहेर आलं होतं. उत्तर तयार असेल.

मला फार वाईट वाटतं आहे. धाकलीमावशीचं, आणि दुसरंही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर भट्टी साफ केली. तोंडाला फडकं बांधून सुषमाबाई ब्रशने विटांच्या फटींतून पूड काढत होत्या, मी व्हॅक्यूमची नळी धरली होती. तो खाल्लेला रॉड काढताना हातातच मोडला. बाकीचे पाच जगतील असं त्या म्हणाल्या. जादा होता तो त्या जागी टांगला. एक नवा, पाच पोळलेले, एका तारेवर. जुने असते तर जमलं नसतं.

नळी बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "पण तुम्ही असं केलंत का? ओल धरू नये म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. पण काल मी एकदा पुस्तिकेवरून गोत्यात आलो होतो, म्हणून खरं सांगून टाकलं. म्हटलं, तुमचा दिवा. तुम्ही म्हणाला होतात ना, हिंमत होत नाही. म्हणून इथे लावला होता. विझू दिला नाही.

"नऊ दिवस?"

"हो."

"रोज यायचात?"

"सकाळ-संध्याकाळ. रविवारीसुद्धा."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग खिडकीकडे वळल्या. पदर डोळ्याला लावला. धूळ गेली, म्हणाल्या. ती पिवळी पूड डोळ्याला वाईटच, मी ताबडतोब पाणी आणून दिलं आणि डॉक्टरकडे जायचं का विचारलं. नको म्हणाल्या. पाच वाजता जरा लवकर निघाल्या, पोस्टात काम होतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

भट्टी रिकामी पंधराशेवर नेऊन तिथे तासन्‌तास ठेवायची, हाच इलाज. चारशे ते सातशे झटकन ओलांडायचं. आत टाकाऊ दातांचे तुकडे ठेवायचे, उरलासुरला रंग ते पिऊन घेतात. पहिले तुकडे आज बाहेर आले, हिरवट.

पंधराशेला मी भोकातून पाहिलं आणि काळी काच सुषमाबाईंना दिली. त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. खूप वेळ पाहत होत्या. उजेडाचा एक ठिपका त्यांच्या गालावर पडला होता.

"साय धरत असेल ना आता?"

धरत असणार, मी म्हटलं.

"बाहेरून काही लावावं लागत नाही?"

"काही नाही. भरपूर आच आणि हवा, बस."

"अहो," त्या काच न काढता म्हणाल्या, "नऊ दिवस मंद आचेवर ठेवलं तर एवढं झालं. चार वर्षं ठेवलं तर काय उरेल?"

मी हिशेब केला. म्हटलं, काही नाही, भुकटीच.

"हं," त्या म्हणाल्या.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुसऱ्या खेपेचे तुकडे दुधाळ पिवळे. सुधारतं आहे. धाकलीमावशीचे दात सुषमाबाईंनी पुन्हा कोरायला घेतले.

चार वर्षांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कुठली भट्टी चार वर्षं पाचशेवर ठेवतात?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तुकडे पांढरे. आम्ही दोघं ते तळहातावर घेऊन दारात उन्हात गेलो. मी म्हटलं, पांढरे आहेत ना? त्या म्हणाल्या, पांढरे आहेत. मग मी पुन्हा विचारलं. एरवी त्या चिडल्या असत्या.

उद्या दात.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

कासाला डॉक्टर शितलच्या दवाखान्यात गेलो होतो. धाकलीमावशी खुर्चीत, तोंड उघडून, पाय हवेत. दात बसले. आरसा दिला तर तिने बघितलाच नाही, बाजूला ठेवला. डोळे मिटले आणि गायला लागली.

हळू आवाजात, स्वतःशीच. मला शब्द अर्धेच कळले. पण एकही सांडला नाही, हे कळलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट बोलायचे थांबले. कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं तिच्यासमोरच्या पांढऱ्या भिंतीवर आता रेघा उमटतील. सुषमाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या हाताला लागत होता. जागा अरुंद होती.

गाणं संपल्यावर धाकलीमावशीने डोळे उघडले. आमच्याकडे बघून नव्या दातांनी हसली. "लागला का नाय अजून?"

डॉक्टरने विचारलं, काय लागलं नाही? मावशी चपला शोधायला लागली. ह्या वेळी मी गैरसमज दूर केला नाही. का केला नाही ते माहीत नाही.

डॉक्टर शितल सगळं काम देणार आहेत. सुषमाबाई परतीच्या जीपमध्ये खुश होत्या. मी मात्र दिवस मोजत होतो. पाडव्याला चार राहिले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

दिवाळीत लॅब बंद आहे. घरी बसवत नाही. दुपारी अंगणात बसून सगळं पुन्हा आठवलं. शिडी, पुस्तिका, पत्र, दिवा, काच. आणि मग एकदम, चिकूच्या झाडाखाली बसल्या बसल्या, चार वर्षांचा प्रश्न कळला.

ती भट्टीचं विचारत नव्हती.

माणूस किती मठ्ठ असावा! आत जाऊन वहिनीला सांगितलं. ती करंज्या तळत होती. झारा खाली न ठेवता म्हणाली, "अगंबाई, पोचलं का!"

पण आता कळून काय. उद्या पाडवा. पत्राचं उत्तर केव्हाच गेलं असेल, त्या दिवशी पोस्टात गेल्याच होत्या. तरी सांगायचं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे, ह्या पट्ट्यात रेंगाळू नये. मी मात्र चार वर्षं रेंगाळलो.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सकाळी डहाणूला जाणार होतो. त्याआधी शेडवर गेलो, का कोण जाणे, भट्टीला विचारायला असेल. कुलूप उघडंच होतं.

त्या आत होत्या. निळी साडी, टेबलावर ताट. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मला वाटलं भट्टीला ओवाळायला आल्या, धंद्याचं नवं वर्ष म्हणून. मी बाजूला झालो. त्यांनी भट्टीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ज्योत हलत होती. पाडव्याचं ताट त्यांनी नऊ वर्षांत हातात घेतलं नव्हतं, हे मला आठवलं.

मी एका दमात म्हणालो, "वापीला जाऊ नका."

"दात कोण आखणार म्हणून?"

"नाही. दात बंद करू हवं तर. मला तुम्ही पाहिजे आहात म्हणून."

त्या हसल्या नाहीत. डोळे भरले होते. इकडेतिकडे बघून पायाने विटांचं एक खोकं पुढे सरकवलं. "बसा."

मी बसलो. डोक्यावर काही नव्हतं म्हणून रुमाल टाकला. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवलं. ओवाळणी टाकायला माझ्या खिशात काहीच नव्हतं. भिंतीपाशी जुन्या रॉडाचा तुटका तुकडा होता तो टाकला. निरांजनाच्या उजेडात तो चमचम करायला लागला.

मग मी विचारलं, आता वापीला काय कळवायचं?

"कळवलं," सुषमा म्हणाली. "केव्हाच. पंधरा तारखेला नाही म्हणून पत्र टाकलं."

घरी आल्यावर ही वही काढून मागची पानं उलटली. पंधरा ऑक्टोबर, मंगळवार. मी लिहिलं आहे की तिच्या डोळ्यात धूळ गेली.